जिवंत मेंढीतला लपलेला प्रायॉन शोधणारी आरटी-क्विक टेस्ट : वापरून काय वाटलं

सरळ मुद्द्यावर येते. कळपात स्क्रेपी, म्हणजे मेंढ्यांच्या मेंदूचा प्रायॉनमुळे होणारा जीवघेणा रोग, शिरल्याची शंका आहे, मेंढ्या वरून मात्र ठणठणीत, खातायत पितायत, आणि कुठल्या ठेवायच्या कुठल्या काढायच्या हे त्यांना न मारता ठरवायचंय, तर आज हाताशी असलेल्या टेस्टमध्ये गुदाशयाच्या अस्तराची बायोप्सी आणि तिच्यावर आरटी-क्विक (किंचित असलेला प्रायॉन वाढवून दाखवणारी लॅब टेस्ट) हीच जोडी सगळ्यात कामाची आहे असं माझं मत. पाचात चार स्टार. एक स्टार कापलाय तो टेस्टपेक्षा रिपोर्टसाठी, म्हणजे रिपोर्ट ज्या अवस्थेत आपल्या हातात पडतो त्यासाठी, त्यावर खाली बोलतेच. आणि एकाच मेंढीचा निगेटिव्ह कागद दाखवून "ही क्लीन आहे" म्हणून विकायची असेल तर ही टेस्ट घेऊ नका. त्या कामाची ती नाहीच.

मी कळपांच्या आरोग्याचं काम बघते, सॅम्पल घेणं आणि आलेल्या रिपोर्टचं काय करायचं ते मालकाला सांगणं हे माझ्याकडे, प्लेट लावणं लॅबकडे. त्यामुळे हा रिव्ह्यू सॅम्पल पाठवणाऱ्याच्या बाजूने आहे.

आधी हे समजून घ्या की प्रायॉनचं एवढं अवघड का आहे. बाकी कुठलाही संसर्ग असला की आपण एकतर पीसीआर करतो नाहीतर रक्तात अँटिबॉडी बघतो. इथे दोन्ही रस्ते बंद. प्रायॉनमध्ये डीएनए नाही आरएनए नाही, नुसतं प्रोटीन, म्हणजे पीसीआरला पकडायला काही नाही, आणि ते प्रोटीन त्याच जनावराचं स्वतःचं, फक्त चुकीच्या घडीत वळलेलं, त्यामुळे शरीराला ते परकं वाटतच नाही आणि अँटिबॉडी तयारच होत नाहीत. ताप नाही, सीबीसीत काही नाही. स्टॅनली प्रुसिनरनी १९८२ मध्ये प्रायॉन हे नाव दिलं तेव्हा निव्वळ प्रोटीनमुळे संसर्ग होतो हे बऱ्याच लोकांना पटलं नव्हतं, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तोवर वातावरण बदललेलं होतं. मेंढीत लक्षणं दिसायला साधारण दोन ते पाच वर्षं जातात, मग खाज, लोकर झडणं, अंग घासत राहणं, पाठ खाजवली की ओठ चावल्यासारखे हलवणं, चालताना तोल जाणं. पण तोपर्यंत ती मेंढी व्यालेली असते, तिची वार गोठ्यात पडलेली असते, दूध पिल्लांनी प्यायलेलं असतं, आणि वार आणि दूध दोन्हीतून स्क्रेपी पसरते. म्हणजे लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे आग विझल्यावर बंब बोलावण्यातला प्रकार.

मग जुनं किट काय करतं? एलायझावाली रॅपिड किट्स आणि वेस्टर्न ब्लॉट, ज्यांच्या जोरावर युरोपियन युनियनने जानेवारी २००१ पासून खाण्यासाठी कापल्या जाणाऱ्या ३० महिन्यांवरच्या धडधाकट गुरांचीसुद्धा बीएसई, म्हणजे मॅड काऊ या गुरांतल्या प्रायॉन रोगासाठी टेस्ट सक्तीची केली. आयडिया सोपी आहे, मेंदूचा देठ मज्जारज्जूला मिळतो तिथला ओबेक्स नावाचा तुकडा कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याच्या चमच्याने काढायचा, वाटायचा, त्यात प्रोटीनेज के टाकायचं, नॉर्मल प्रोटीन पचून जातं, चुकीच्या घडीचं प्रोटीन पूर्ण पचत नाही, उरलेल्या भागाला अँटिबॉडी चिकटवायची. काही तासांत निकाल. या किट्सना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. जर्मनीत देशातच जन्मलेली पहिली बीएसईची गाय नोव्हेंबर २००० मध्ये अशाच रॅपिड टेस्टमधून सापडली, त्याआधी आपल्याकडे हा रोग नाही असंच तिथे धरून चालले होते, आणि अटिपिकल, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या बीएसईचे एच आणि एल प्रकार, ज्यांच्याबद्दल २००४ मध्ये फ्रान्स आणि इटलीतून छापून आलं, ते कळले तेही एवढ्या मोठ्या प्रमाणावर टेस्टिंग चालू होतं म्हणूनच.

पण दोन गोष्टी. एक, जनावर मेलेलं लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची, ओबेक्समध्ये प्रायॉन किटला दिसण्याइतके साठतात ते लक्षणं सुरू व्हायच्या आधीचे थोडेच महिने. गुरांत बीएसईचा सुप्तकाळ सरासरी चार-पाच वर्षं, त्यातला शेवटचा थोडा भाग सोडला तर बाकी सगळा काळ ते किट निगेटिव्हच म्हणणार, आणि प्रामाणिकपणे म्हणणार, कारण त्या तुकड्यात खरंच पुरेसं काही नसतं. लपलेला संसर्ग शोधायचा तर एकतर प्रायॉन आधी जिथे जातात तिथे बघायला पाहिजे नाहीतर अगदी किंचित असेल ते वाढवून बघायला पाहिजे. ही जोडी दोन्ही करते म्हणून आवडते.

आता सॅम्पल. सगळा खेळ इथे आहे आणि नेमकं याच्यावरच कोणी लिहीत नाही. क्लासिकल, म्हणजे नेहमीच्या, कळपात पसरणाऱ्या स्क्रेपीत प्रायॉन तोंडावाटे आत जातात, आतड्यातल्या लिम्फॉइड टिश्यूत (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा भाग) वाढतात, टॉन्सिल, प्लीहा, लिम्फ नोड असं करत पसरतात आणि मेंदूत त्यानंतर पोचतात. ही लिम्फॉइड टिश्यू गुदाशयाच्या अगदी शेवटच्या पट्ट्यात, कातडी संपून अस्तर सुरू होतं त्याच्या जरा आत, हाताशी मिळते. मेंढी उभी धरायची, बधिर करणारं जेल लावायचं, चिमट्याने अस्तराचा छोटा पदर उचलायचा आणि कात्रीने कापायचा. भूल लागत नाही, रक्त येतं पण थोडं, मेंढी सोडली की चरायला जाते. दुसरी जागा म्हणजे डोळ्याची तिसरी पापणी, तीही चालते पण तिथे लिम्फॉइड टिश्यू कमी-जास्त निघते आणि मालकाला डोळ्याजवळ कात्री बघून घाम फुटतो, म्हणून मी शक्यतो मागूनच घेते.

त्या पदरात फॉलिकल किती आले हे बघायलाच पाहिजे. फॉलिकल म्हणजे लिम्फॉइड पेशींच्या गाठोळ्या, प्रायॉन असला तर तिथेच असतो. दोनच आल्या आणि निकाल निगेटिव्ह आला तर तो निकाल नाही, सॅम्पल वाया गेलंय. वय वाढतं तसे फॉलिकल कमी होतात, एकदा कापलेल्या जागी परत कापलं तर अजून कमी मिळतात, त्यामुळे म्हाताऱ्या मेंढीची वर्षाआड बायोप्सी घेत बसण्यात अर्थ नाही. अगदी लहान पिल्लात घाई केली तर प्रायॉन तिथवर पोचलेलेच नसतात. आणि तुकड्याचे दोन भाग करा, एक फॉर्मॅलिनमध्ये आयएचसीसाठी (टिश्यूचा पातळ काप अँटिबॉडीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची टेस्ट), एक कोरडा, लगेच बर्फात, आरटी-क्विकसाठी. सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकून मोकळे होणारे बरेच बघितलेत, मग क्विकची वाट लागते आणि परत मेंढ्या पकडा.

हत्यारांचं पण सांगून टाकते. स्पिरिट, उकळतं पाणी, फॉर्मॅलिन यातल्या कशानेही प्रायॉन मरत नाही, फॉर्मॅलिनने तर उलट तो टिकाऊ होतो. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये लूपिंग-इल नावाच्या दुसऱ्याच रोगाची लस मेंढ्यांच्या मेंदू-प्लीहेपासून बनवून फॉर्मॅलिन घालून टोचली होती आणि त्या लशीच्या बॅचमधूनच स्क्रेपी पसरली. स्टीलला प्रायॉन घट्ट चिकटतो. म्हणून मी प्रत्येक मेंढीला नवा डिस्पोजेबल सेट आणि नवे ग्लोव्हज वापरते, ज्यांना हत्यारं परत वापरायचीच आहेत त्यांनी २०,००० पीपीएम क्लोरीनच्या ब्लीचमध्ये किंवा एक नॉर्मल (1N) तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर बुडवून, धुऊन, मग १३४ डिग्रीला ऑटोक्लेव्ह करावं, स्टील खराब होतं, होऊ दे. आणि आरटी-क्विकसारखी टेस्ट एवढी तिखट आहे की आधीच्या मेंढीचा कात्रीवर राहिलेला अंशसुद्धा पुढच्या निरोगी मेंढीला पॉझिटिव्ह करून ठेवेल.

बरं आता खुद्द टेस्ट. लॅबमध्ये बॅक्टेरियात बनवलेलं नॉर्मल प्रायॉन प्रोटीन असतं, हॅमस्टरचं किंवा बँक व्होल नावाच्या छोट्या उंदरासारख्या प्राण्याचं, हे व्होलचं प्रोटीन भलतंच उदार आहे, माणसाचा मेंढीचा गाईचा कुठल्याही जातीचा प्रायॉन दाखवला तरी बहुतेक वेळा त्याच्या नादाला लागतं. ते ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये घालतात, सोबत थायोफ्लेविन टी हा रंग, आणि त्यात तुमच्या मेंढीच्या टिश्यूचा पातळ केलेला थेंब. मग मशीन प्लेट मिनिटभर हलवतं, मिनिटभर थांबतं, परत हलवतं, असं ४२ ते ५५ डिग्रीच्या दरम्यान तासन्‌तास. थेंबात चुकीच्या घडीचं प्रोटीन किंचितही असेल तर ते लॅबच्या चांगल्या प्रोटीनला आपल्यासारखं वळवायला लागतं, तंतू तयार होतात, हलवण्याने तुटतात, तुटलेला प्रत्येक तुकडा पुढे अजून वळवतो, आणि थायोफ्लेविन त्या तंतूंना चिकटून चमकतो. स्क्रीनवर सपाट चाललेली रेघ एकदम वर चढते. बस, एवढंच. पण जे सापडतं ते फेम्टोग्रॅमच्या पातळीचं, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. पूर्वी एवढं बारीक बघायला उंदरांच्या मेंदूत सॅम्पल टोचून महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त थांबावं लागायचं, इथे एक-दोन दिवसांत रेघ दिसते.

याच्या आधीची पीएमसीए ही प्रायॉन वाढवायची पद्धत क्लॉडिओ सोटो या संशोधकांच्या टीमने २००१ मध्ये आणली, ती तर काही बाबतीत अजून संवेदनशील, पण तिच्यात आवाजाच्या लहरींनी तंतू तोडायचे, फेऱ्यांवर फेऱ्या करायच्या, शिवाय शेवटी जे तयार होतं ते खरोखरचं संसर्गजन्य, म्हणजे रोज शेकडो सॅम्पल करणाऱ्या लॅबला झेपणारं प्रकरण नाही. आरटी-क्विकचा माल सहसा संसर्गजन्य नसतो. तरीही रन झालेल्या प्लेटचं सील उघडायचं नसतं, आत जे वाढलंय त्याचा कण टेबलावर उडाला तर पुढच्या सगळ्या प्लेटा चमकणार.

आवडलं नाही ते. पहिलं म्हणजे नुसतं थांबून राहिलं तर लॅबचं प्रोटीन स्वतःहूनही कधीतरी वळतं, प्रायॉन नसताना. म्हणून कट-ऑफ वेळ असते, इतक्या तासांच्या आत चढलं तरच पॉझिटिव्ह. ही वेळ प्रोटीनच्या बॅचप्रमाणे मागेपुढे होते, बॅच बदलली की सगळं परत तपासून घ्यावं लागतं, आणि एका लॅबची सेटिंग दुसऱ्या लॅबशी जुळेलच असं नाही. एका सॅम्पलचे चार किंवा आठ खड्डे लावतात, निम्मे तरी चढले पाहिजेत असा साधारण नियम, पण आठातला एकच चढला तर काय? काही ठिकाणी निगेटिव्ह लिहितात, काही ठिकाणी रिपीट करतात. मला रिपीट करणारी लॅब आवडते.

दुसरं, टिश्यूतले चरबी-बिरबीचे घटक या रिअॅक्शनलाच दाबतात. सॅम्पल फार घट्ट लावलं तर भरपूर प्रायॉन असूनही रेघ सपाट राहू शकते, पातळ केलं की चढते. ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे, म्हणून दोन तरी डायल्यूशन लावलेली बरी. रक्ताचं तर विचारूच नका, सगळ्यांना हवी असते ती रक्ताची टेस्ट, आणि रक्तात प्रायॉन असतो हे मेंढ्यांत रक्त चढवून २००० सालीच दाखवलंय, पण इतका कमी असतो आणि रक्तातले घटक रिअॅक्शनला इतके दाबतात की आधी मण्यांवर वगैरे गोळा करून घ्यावा लागतो. संशोधनात चाललंय, कळपासाठी रोजच्या वापराचं म्हणून मी कोणाला सुचवणार नाही.

तिसरं म्हणजे जीनोटाइप, म्हणजे त्या जनावराला आई-बापाकडून जीनचे कुठले प्रकार मिळालेत ते, आणि इथे मला अख्ख्या विषयातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित हत्यार दिसतं. मेंढीच्या प्रायॉन जीनमध्ये १३६, १५४ आणि १७१ या तीन जागा बघायच्या, त्या तीन जागांवरच्या अक्षरांवरूनच एआरआर, व्हीआरक्यू अशी प्रकारांची नावं पडतात. एआरआर असलेली मेंढी क्लासिकल स्क्रेपीला सहसा दाद देत नाही, व्हीआरक्यू असलेली पटकन बळी पडते. आता मेख अशी की आई-बापांपैकी एकाकडून एआरआर आणि दुसऱ्याकडून कमजोर प्रकार मिळालेली मेंढी क्वचित लागण झाली तरी लिम्फॉइड टिश्यूत प्रायॉन दाखवेलच असं नाही, थेट मेंदूतच दिसतो. म्हणजे तिची बायोप्सी कितीही सुंदर घ्या, क्विक कितीही चांगली चालवा, निगेटिव्ह. म्हणून जीनोटाइप माहीत नसताना बायोप्सीचा रिपोर्ट वाचणं मला अर्धवट वाटतं. मी आधी जीनोटाइप करून घ्यायला सांगते, एआरआर-एआरआर असतील त्यांना बाजूला काढा, बायोप्सीचा खर्च कमजोर मेंढ्यांवर करा. आणि एक गंमत, पोटातल्या पिल्लाला एआरआर मिळालेला असेल तर आई लागण झालेली असूनही त्या पिल्लाच्या वारेत प्रायॉन साठत नाही, म्हणजे नुसता एआरआर-एआरआर मेंढा कळपात सोडला तरी गोठ्यात पसरणारा माल कमी होतो, एकही टेस्ट न करता. शेळ्यांत या तीन जागा चालत नाहीत हां, तिथे १४६ आणि २२२ नंबर बघतात, मेंढीचा तक्ता शेळीला लावू नका.

अटिपिकल स्क्रेपी, म्हणजे १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेला नॉर९८, हा वेगळाच प्राणी. एआरआर मेंढीतही होतो, लिम्फॉइड टिश्यूत दिसत नाही, ओबेक्समध्येही कधी कमी आणि सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) जास्त. बायोप्सी-क्विक त्याच्यासाठी बिनकामाची, नशीब एवढंच की तो बहुधा म्हाताऱ्या मेंढीत एकटादुकटा येतो, कळपात पसरताना सहसा दिसत नाही.

गाईवाले नेहमी विचारतात आमचं काय. तुमचं या पद्धतीने काही नाही. बीएसईत प्रायॉन जवळजवळ सगळा मज्जासंस्थेत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात थोडाफार, गुदाशयाच्या अस्तरात नाहीच, त्यामुळे जिवंत गाईची बायोप्सी करून काही मिळणार नाही. तिथे खरा बचाव टेस्टपेक्षा खाद्यात आहे, रवंथ करणाऱ्या जनावरांचं मांस-हाडांचं पीठ रवंथ करणाऱ्यांना खायला घालायचं नाही, ब्रिटनने ही बंदी जुलै १९८८ मध्ये घातली आणि तरीही सुप्तकाळ लांब असल्याने केसेस १९९२ पर्यंत वाढतच गेल्या, त्या एका वर्षात ३६,००० च्या वर. हरणं पाळणाऱ्यांना मात्र ही जोडी लागू पडते, त्यांच्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमध्ये लिम्फॉइड टिश्यू मेंढीसारखीच भरते, अर्थात तिथेही हरणाचा जीनोटाइप आडवा येतोच.

आता निकालाचा अर्थ कसा लावायचा. समजा टेस्ट लागण झालेल्या चारातल्या तीन मेंढ्या पकडते आणि एक सुटते. एका मेंढीसाठी हे वाईट आहे, चारातली एक म्हणजे लहान गोष्ट नाही. पण कळपात लागण झालेल्या चार असतील आणि चारही तपासल्या तर चारही सुटण्याची शक्यता २५६ मध्ये १. म्हणून कळप म्हणून ही टेस्ट जबरदस्त आणि एकटी मेंढी म्हणून लंगडी. फक्त हे गणित चारही मेंढ्या एकमेकींहून वेगळ्या धरून आहे, त्या चारही बायोप्सीत न दिसणाऱ्या एकाच जीनोटाइपच्या निघाल्या तर गणित कोसळलं. परत जीनोटाइपच. आणि कळप निगेटिव्ह आला तरी जागेचा प्रश्न राहतो, आइसलंडमध्ये स्क्रेपी झालेले कळप काढून, गोठे साफ करून नव्या मेंढ्या आणल्यावर किमान १६ वर्षांनंतरही त्याच जागेतून लागण परत आल्याची नोंद आहे. म्हणून पॉझिटिव्ह निघालेल्या ठिकाणी मी एकदाच टेस्ट करून गप्प बसत नाही, पुढे मरणाऱ्या प्रत्येक प्रौढ मेंढीचा मेंदू तपासायला पाठवते. क्विक पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच सरकारी शिक्काही बसत नाही, अधिकृत खात्रीसाठी सहसा आयएचसी नाहीतर वेस्टर्न ब्लॉटच मागतात, म्हणून फॉर्मॅलिनवाला अर्धा तुकडा जपून ठेवायचा.

आता तो कापलेला स्टार. आम्ही ज्या लॅबकडे सॅम्पल पाठवायचो त्यांचं काम स्वच्छ होतं, निकाल वेळेत, फोनवर बोलायलाही नीट, पण रिपोर्ट म्हणजे मेंढीचा टॅग नंबर आणि पुढे "निगेटिव्ह". संपलं. आयएचसीच्या तुकड्यात फॉलिकल किती दिसले नाही, किती खड्डे लावले आणि किती चढले नाही, रेघेचा फोटो नाही, कट-ऑफ नाही. मागितलं तर मेलवर देतात, दोनदा आठवण केल्यावर. आता मालकाच्या हातात हा कागद गेला की तो फाइलला लावून मेंढ्या विकायला मोकळा, त्याची काय चूक, कागदावर निगेटिव्हच लिहिलंय. तीन फॉलिकलचं निगेटिव्ह आणि तीस फॉलिकलचं निगेटिव्ह एकाच शब्दात देणं मला पटत नाही. खरं तर कमी फॉलिकल असतील तर "सॅम्पल अपुरं" असंच लिहायला हवं, आयएचसीवाले तसं लिहितातही, क्विकवाल्या बाजूला मात्र टिश्यू आधीच वाटून बारीक केलेली असते त्यामुळे कोणी मोजतच नाही.

लॅब निवडताना तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या : फॉलिकलचा आकडा रिपोर्टवर देता का, एका सॅम्पलला खड्डे किती आणि डायल्यूशन किती, आणि प्रोटीनची बॅच बदलल्यावर कट-ऑफ कसा ठरवता. तिसऱ्या प्रश्नाला "ते आम्ही बघतो हो" असं उत्तर आलं तर सॅम्पल दुसरीकडे पाठवा.